नकाशाच्या कोपऱ्यातलं नाव

नकाशाच्या ऑफिसात सगळ्यात जास्त काय साठतं असं विचारलं, तर लोक म्हणतात नकाशे. साफ चूक! नकाशे वर्षा-दोन वर्षांत जुने होतात, हार्डडिस्क उडते, प्लॉटरची शाई वाळते. साठतात ते किस्से. एक सांगायला घ्यावा तर मागचे चार रांगेत उभे असतात. आमच्या ऑफिसातले तर मी इतक्यांदा सांगितलेत की बायको आता फक्त "कितवा?" एवढंच विचारते.

आधीच एक कबूल करून टाकतो. या सगळ्या किस्स्यांत एक बाई आहे आणि तिच्यावर मी जळतो. सरळ मराठीत, जळतो. तुम्हाला पुढे कळेलच, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

परभणीत एका कॉलेजच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, तेच आमचं ऑफिस. काम असं, की जिल्ह्यातला माणूस आणि त्याच्या भोवतीची माती-पाणी यांचं एकमेकांशी काय चाललंय, ते कॉम्प्युटरवर नकाशा काढून शोधायचं. कोण पाणी कुठून आणतं, कुठल्या रानात काय पिकतं, कुठलं गाव कधी रिकामं होतं. वरून सॅटेलाईटचे फोटो, खालून आमचा सर्व्हे. ऑफिसात माणसं चार. प्रोजेक्टचे मुख्य राजूरकर सर, गाडी चालवणारे सलीमभाई, मी म्हणजे दिलीप पाथरीकर, आणि नंतर आलेली ती, वर्षा साळवे.

सरांचा एक नियम होता. नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'नकाशा' असं लिहून पुढे नाव टाकायचं. एकच! "बरं का, नकाशाला धनी एकच पाहिजे," सर म्हणायचे. "दोन नावं टाकली की चूक कुणाचीच राहत नाही." नऊ वर्षं प्रत्येक कोपऱ्यात माझं नाव होतं. आणि आता होणार होता अख्ख्या जिल्ह्याचा भिंतीएवढा नकाशा, पाच वर्षांच्या कामाचा. त्याच्या कोपऱ्यात कोण, एवढाच प्रश्न होता. तेवढ्यात ही बाई जॉइन झाली.

* * *

पहिल्याच दिवशीची गोष्ट. गंगाखेडच्या बाजूचा सॅटेलाईट फोटो स्क्रीनवर होता. ओढ्याच्या कडेनं गर्द हिरवा पट्टा. सरांनी विचारलं, "हे काय असेल?"

मी म्हणालो, "दाट झाडी, सर. पर्यावरणाच्या दृष्टीनं चांगलं लक्षण."

नवी बाई अजून दारातच उभी होती, खांद्याला पिशवी, पायात धुळीच्या चपला. तिथूनच म्हणाली, "सर, ती वेडी बाभूळ हाय. काटा मोडला तर माणूस आठ दिवस लंगडतंय. बाया जळणाला तोडतेत, पर दुसऱ्या पावसाला परत तेवढीच!"

सर खुर्चीतून उठले, तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "या, बसा. अजून काय काय दिसतंय?"

नऊ वर्षांत सर माझ्यासाठी खुर्चीतून एकदाही उठलेले नव्हते. माझा वाढदिवस होता तेव्हासुद्धा बसूनच पेढा खाल्ला होता!

* * *

पुढचा किस्सा पाण्याचा. एका गावात मी हिशोब मांडला होता की प्रत्येक घरातून सगळ्यात जवळचा पाण्याचा हापसा कुठला. कॉम्प्युटरनं सुंदर रेघा काढून दिल्या. प्रत्यक्षात मात्र एका गल्लीतल्या बायका दारासमोरचा हापसा सोडून गावाबाहेरच्या विहिरीवर जायच्या. डोक्यावर दोन-दोन घागरी!

मी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथलं पानी लय गोड हाय, सायेब."

मी लगेच दोन बाटल्या भरून घेतल्या, लेबलं लावली, तपासणीला पाठवल्या. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. दोन्ही पाणी अगदी सारखं. मी त्याच्यावर 'पारंपरिक समजुतींचा पाणीवापरावर परिणाम' असा एक लांबलचक परिच्छेद लिहिला. मला तो फार आवडला होता.

मग वर्षा गेली. ती काही विचारायला बसली नाही. त्यांच्याबरोबर एक घागर घेऊन विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. संध्याकाळी सरांना सांगितलं, "हापशापशी पार हाय सर, पारावर सगळ्यांचे सासरे बसलेले. पदर घेऊन, मान खाली घालून, मुक्यानं जावं लागतंय. विहिरीच्या वाटेवर कुणीच न्हाई. तेवढंच बोलता येतंय."

सर माझ्या स्क्रीनकडे वळले. मग म्हणाले, "बरं का पाथरीकर, हा पार आपल्या नकाशाच्या कुठल्या लेयरमध्ये आहे?"

माझा परिच्छेद गेला. पोटात जे दुखायला लागलं, ते दोन दिवस राहिलं. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं पाणी प्यालात का?

* * *

असं नाही की तिच्याकडून चूकच व्हायची नाही. झाली की! आणि त्या दिवसासारखा दिवस माझ्या नोकरीत दुसरा नाही.

पिंगळीला तिनं सगळ्या विहिरींचा सर्व्हे केला. आकडे भरले, फाईल टाकली आणि पिंगळीच्या विहिरी नकाशावर दिसेनात. शोधता शोधता सापडल्या कुठे, तर पार उत्तर ध्रुवाजवळ, बर्फाच्या समुद्रात! अक्षांशाच्या जागी रेखांश आणि रेखांशाच्या जागी अक्षांश पडले होते.

मी तर नाचायचाच बाकी होतो. स्क्रीन सरांकडे वळवली. रंगीत प्रिंट काढून दारावर चिकटवली. बाहेर जाऊन मोठ्यानं म्हणालो, "सलीमभाई, गाडी काढा! पिंगळीच्या विहिरी बघायला जायचंय. स्वेटर घ्या!"

सलीमभाई म्हणाले, "साब, पिंगळी तो इधरिच है, बीस मिनट में ले जाता मैं. स्वेटर कायकू?"

वर्षा शांतपणे आली. हातात सर्व्हेचा कोरा फॉर्म होता. तो माझ्या टेबलावर ठेवला आणि रकान्यांच्या डोक्यावर बोट ठेवलं. "सर, मी मथळा बघूनच आकडे भरले. मथळेच उलटे हायत." मग जरा थांबून म्हणाली, "फॉर्म तुमी केलाय."

दारावरची प्रिंट मीच काढली. चिकटपट्टीबरोबर रंगही निघाला. दार अजून तसंच आहे.

* * *

येलदरीचा किस्सा सांगताना अजून माझे कान तापतात.

धरणाच्या पाण्यात, नकाशावर, कॉम्प्युटरला शेत दिसायला लागलं. हिरवे हिरवे तुकडे, तेही जिथे निळं असायला पाहिजे तिथे! मी हसलो. कॉम्प्युटरला काय कळतं, पाण्यावरची जलपर्णी बघितली असेल. मी सगळे तुकडे एकेक करून पुसले आणि धरण कसं छान निळंशार करून टाकलं. त्यात चार दिवस गेले.

सर म्हणाले, एकदा बघून या. मी, वर्षा आणि सलीमभाई निघालो. पाण्याच्या कडेला एक म्हातारे मच्छीमार भेटले. मी टॅब पुढे केला, "काका, तुमचं धरण बघा." त्यांनी डोळे बारीक केले. दिसेना.

आता इथे सलीमभाईंची सवय सांगायला पाहिजे. त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेला वाचायचा चष्मा असतो. कुठल्याही गावात कुणी म्हातारं माणूस नकाशाकडे डोळे बारीक करून बघायला लागलं, की हे गळ्यातून चष्मा काढणार आणि पुढे करणार, "चाचा, मेरा लगाव. अपनी आँखां से देखो, मजा आता." अख्ख्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांनी आमचे नकाशे सलीमभाईंच्या चष्म्यातूनच बघितलेत.

तर म्हाताऱ्यांनी चष्मा लावला. टॅब बघितला, आपल्या पायाखाली बघितलं, परत टॅब बघितला. म्हणाले, "सायेब, तुमी हितं पानी दावलंय. आन् मी तर हरभऱ्यात हुबा हाय!"

खरंच हरभरा होता. धरणाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. पावसाळ्यात तिथेच जाळं टाकायचं, हिवाळ्यात तिथेच हरभरा काढायचा. माणूस आणि पाणी यांचं नातं शोधायला आम्ही पाच वर्षं फिरत होतो, ते पायाखाली उगवलं होतं आणि मी ते चार दिवस बसून पुसलं होतं.

वर्षानं दोन घाटे तोडून खाल्ले. मला म्हणाली, "घ्या सर, कवळा हाय."

मी घेतला नाही. इतका राग आला होता, की त्या हरभऱ्याचासुद्धा आला!

* * *

मला बरेच दिवस कळेना, की लोक हिलाच कसं सगळं सांगतात. एकच गाव, एकच प्रश्न, आणि मला उत्तर मिळायचं सरकारी, तिला मिळायचं खरं.

मग लक्षात आलं. खुर्ची! मी गेलो की कुणीतरी पळत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणायचं. पुसून, अंगणाच्या मधोमध. वर्षा गेली की तिला कुणी खुर्ची आणायचंच नाही. ती सरळ उंबऱ्यावर बसायची, शेंगा फोडायला लागायची, आणि बायका बोलायला लागायच्या. खुर्चीवरच्या माणसाला कुणी घरचं सांगत नाही.

म्हटलं, यात काय अवघड आहे? पुढच्या गावात खुर्ची आली, मी ती बाजूला सारली आणि ऐटीत मांडी घालून जमिनीवर बसलो.

आतून एक बाई ओरडत आली, "अगं पानी आना लवकर! सायबाला चक्कर आली!"

चौघांनी मला उचललं आणि त्याच खुर्चीवर बसवलं. डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. वर्षा वारा घालत होती आणि तोंड फिरवून हसत होती.

* * *

शेवटी मोठा नकाशा जुळत आला. मला झोप लागेना म्हटलं तरी चालेल. कोपऱ्यात कोण? सर काही बोलत नव्हते.

मी एक युक्ती केली. नाही, युक्ती कसली, पोरकटपणाच. कच्च्या प्रिंटवर माझं नाव सहा पॉइंटचं होतं, ते मी आठ केलं. कुणी बोललं नाही. मग दहा केलं. मग बारा. म्हटलं, एकदा डोळ्याला सवय झाली की नाव हलत नाही.

सरांनी प्रिंट भिंतीला लावली, मागे सरकले, मान तिरपी केली. "बरं का पाथरीकर, हे तुझं नाव आहे की नवा तालुका?"

वर्षा मोठ्यानं हसली. मी अक्षर परत सहा पॉइंटचं केलं. पण त्याच दिवशी सर म्हणाले, "नाव तुझंच राहू दे. नऊ वर्षं केलंयस."

मी जिंकलो होतो! वर्षाकडे बघितलं. तिनं फक्त नकाशावरच्या राणीसावरगावच्या पुढच्या एका राखाडी ठिपक्यावर बोट ठेवलं. "सर, ही वस्ती एकदा परत बघून यावी का?" हे तिनं मला तिसऱ्यांदा विचारलं होतं.

तो सर्व्हे माझा होता. ती यायच्या आधीचा. "झालेलं काम परत उकरायचं नाही," मी म्हणालो. जिंकलेला माणूस जसं बोलतो तसं.

* * *

आता शेवटचा.

छापायच्या आधी नकाशा गावोगाव नेऊन भिंतीला लावायचा, ही सरांची पद्धत. कडेला दोरीनं एक पेन्सिल बांधायची. ज्याला चूक दिसेल त्यानं स्वतः खूण करायची. गुढीपाडवा होऊन गेला होता. सर गंगाखेडला मीटिंगला थांबले आणि आम्ही तिघं पुढे गेलो. गाडी कुठल्या वस्तीत शिरतेय हे मला उतरेपर्यंत कळलं नाही.

ओळखलं ते दारांवरून. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आलो तेव्हा या सगळ्या दारांना कुलपं होती. अंगणात गवत, चुली गार, विचारायला माणूस नाही. मी गाडीतच बसून फॉर्मवर खूण केली होती. आता तीच दारं उघडी होती. दोऱ्यांवर धुणं, अंगणात कोंबड्या, भिंतीला टेकवलेले ऊसतोडीचे कोयते. माणसंच माणसं!

बुद्धविहाराच्या भिंतीला नकाशा लावला. सगळे जमले. एक म्हातारे पुढे आले, अंगात धुवट सदरा, हाताला ऊस तोडून पडलेले घट्टे. म्हणाले, "वर्षे, ह्याच्यात आपलं घर कुठं हाय गं?"

वर्षे? मी वळून बघितलं.

"हे आबा," वर्षा मला म्हणाली. "माझे वडील."

तीनदा विचारलं होतं तिनं. हे माझं गाव आहे असं एकदाही म्हणाली नव्हती.

तिनं बोट सरळ त्या राखाडी ठिपक्यावर ठेवलं. शेजारी ठळक अक्षरात दोन शब्द होते. एका बाईनं ते मोठ्यानं वाचले, "ओसाड वस्ती."

आबांनी दोरीची पेन्सिल हातात घेतली. "आमचं गाव ओसाड? कुणी काढलाय ह्यो नकाशा?"

नऊ वर्षं ज्या नावासाठी मी जीव टाकला, अक्षरं फुगवली, ते नाव त्या क्षणी माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, "वर्षानं."

वर्षानं माझ्याकडे बघितलं.

आबांनी त्या दोन शब्दांवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. मग त्यांनी पेन्सिल सोडून दिली. ती दोरीवर हलत राहिली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "दिवाळी झाली की हितं काय ऱ्हातंय? समदे ऊसतोडीला, पाच-सा महिने दाराला कुलूप. दोन-चार म्हाताऱ्या, त्याबी दिसभर रानात. आजपत्तूर लय जन आले, फॉर्म भरून नेले. गाव हाय, घरं हायत, समदं बेस हाय म्हणून लिवलं. खरं कुणी लिवलं न्हाई. माझ्या पोरीनं लिवलं!"

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. दोन बायकांनी पदर डोळ्याला लावला. आणि मी तिथे उभा राहून जळत होतो! ती चूक माझी होती. माझी स्वतःची, गाडीत बसून केलेली! आपली चूक दुसऱ्यानं पळवली म्हणून जळणारा माणूस या जिल्ह्यात माझ्याआधी झाला नसेल.

आबांचं बोट आता नकाशावरून खाली यायला लागलं. "नकाशावर नाव टाकतेत म्हणं, कोपऱ्यात. ही सांगत असती. पोरीचं नाव कुठंसाक हाय?" बोट कोपऱ्यात येऊन थांबलं. त्यांनी डोळे बारीक केले. "लय बारीक लिवलंय. चष्मा तिकडं उसाच्या फडातच फुटला. वाचा की सायेब."

मी वाकलो. सहा पॉइंटचं माझं नाव समोर होतं. मी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "नकाशा, वर्षा किसनराव साळवे."

"किसनराव!" आबा म्हणाले. "माझंबी हाय!" आणि त्यांनी तो अख्खा कोपरा तळहातानं पुसून घेतला, जशी देव्हाऱ्यातली तसबीर पुसतात.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सलीमभाई पुढे आले. गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली, सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या आणि हात पुढे केला.

"चाचा, मेरा लगाव. अपनी आँखां से देखो, मजा आता."